समितीवर कोणाला घेतले, आणि का?

(विश्रांतवाडी येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीसाठी ‘स्थानिक स्वराज्य आणि नागरिकांचा सहभाग’ असा विषय मला सुचवण्यात आला होता. तो मी नम्रपणे नाकारला. सहभाग या शब्दाला गेल्या काही वर्षांत इतक्या जणांचे हात लागले आहेत की त्याची धार पुरती बोथट झाली आहे. मला त्याहून पुष्कळ लहान गोष्टीविषयी बोलायचे आहे. मला खुर्चीविषयी बोलायचे आहे. आमदाराच्या किंवा मंत्र्याच्या खुर्चीविषयी नव्हे. तिच्याविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. क्षेत्रीय कार्यालयातल्या, तहसील कचेरीतल्या, शाळेतल्या, रेशनच्या दक्षता समितीतल्या त्या बिनपगारी खुर्चीविषयी, जिच्यावर निवडणूक न लढवता माणूस बसतो आणि जिच्यावर तो कसा बसला हे सहसा कोणी विचारत नाही.

आपण बसलो आहोत तो भाग महापालिकेच्या येरवडा-कळस-धानोरी क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत मोडतो. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असल्याच पाहिजेत असे १९९२ साली ठरवले. त्यानुसार आपल्या महानगरपालिका अधिनियमात प्रभाग समितीचे कलम आले. त्या समितीत त्या भागातले नगरसेवक असतात हे आपणांस ठाऊक आहे. परंतु त्यांच्याबरोबर आणखी तीनपर्यंत माणसे घेता येतात, आणि ती त्या भागात समाजकल्याणाचे काम करणाऱ्या मान्यताप्राप्त अशासकीय संस्था व लोकसंस्था यांच्या सभासदांतून घ्यावयाची असतात, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? हात वर करावयास सांगत नाही. मी स्वतः अर्थशास्त्र शिकवण्यात हयात घालवली, आणि ही तरतूद मला निवृत्तीनंतर कळली.

ही तरतूद क्षुल्लक नाही. पाणी, मैलापाणी, सफाई, पावसाळी गटारे यांविषयीच्या तक्रारींचे निवारण हे प्रभाग समितीचे काम. त्या भागावर काय खर्च व्हावा याची शिफारस तिने करावयाची. ठराविक मर्यादेपर्यंतच्या कामांना मंजुरी देण्याचा अधिकारही तिच्याकडे. धानोरीच्या सोसायट्यांत पाण्याचे टँकर का येतात, एखाद्या वस्तीतले सार्वजनिक संडास आठ दिवस का तुंबतात, आळंदी रस्त्यावरून पालखी गेली की दुसऱ्या दिवशी झाडायला माणसे किती मिळतात, या प्रश्नांची चर्चा जिथे व्हावी अशी ही जागा. तिथे नगरसेवकांखेरीज तीन नागरिक बसावेत, ते कामातून आलेले असावेत, निवडणुकीच्या हिशेबातून आलेले नसावेत, असा कायद्याचा हेतू दिसतो. पुण्यात पंधरा क्षेत्रीय कार्यालये आहेत. प्रत्येकी तीन धरल्यास पंचेचाळीस जागा होतात. पंचेचाळीस जागी खरी माणसे बसली असती तर या शहरात काय झाले असते, याचा विचार मी कधी कधी करतो.

प्रत्यक्षात काय होते? नगरसेवकांच्या बळानुसार पक्षांमध्ये जागांची वाटणी होते. ज्याला तिकीट देता आले नाही, ज्याने प्रचारात पदरमोड केली, जो रुसला आहे, अशांची नावे पुढे येतात. मग नावाला संस्था लागते, म्हणून संस्था शोधली जाते. एखाद्या मंडळाच्या किंवा न्यासाच्या पत्रावर नाव चढते आणि माणूस एका आठवड्यात समाजसेवक होतो. संस्थेतून माणूस यावा असे कायदा म्हणतो. आपल्याकडे आधी माणूस ठरतो आणि मग त्याला संस्था चिकटवली जाते. हे एकाच पक्षाचे वर्तन आहे असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे सोयीचे झाले असते, पण खोटे झाले असते.

महापालिकेच्या मुख्य सभागृहातही तेच. घटनेने नगरपालिकांवर विशेष ज्ञान वा अनुभव असलेल्या व्यक्ती नामनिर्देशित करण्यास मुभा दिली, आणि त्यांना मतदानाचा हक्क नाही हेही सांगून ठेवले. हेतू उघड आहे: मताच्या जोरावर नव्हे, माहितीच्या जोरावर बोलणारी चार माणसे सभागृहात असावीत. या जागांसाठी नावे ठरतात तेव्हा वर्तमानपत्रांत बातमी येते ती ‘अमक्या गटाला संधी’, ‘तमक्याची नाराजी दूर’ अशी. कोणाला काय येते याची बातमी माझ्या तरी वाचनात आलेली नाही.

आता तहसील कचेरीकडे चला, कारण तिथे हा प्रश्न पोटाशी येऊन भिडतो. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे. विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजाराने ग्रासलेले, अशा माणसांना तिचा आधार. २०२३ साली ही रक्कम दरमहा १५०० रुपये झाली. अर्ज मंजूर करणाऱ्या समितीवर अशासकीय सदस्य असतात आणि त्यांची नावे पालकमंत्र्यांकडून येतात. राज्यात सत्ता पालटली की जुनी समिती जाते आणि नवी यादी येते. यादी लांबली की काम अधिकाऱ्यांच्या भरवशावर चालते. ज्या बाईचा नवरा गेला आहे तिच्या दृष्टीने या यादीत कोण आहे हा प्रश्न मंत्रिमंडळात कोण आहे याहून मोठा असतो. ती सदस्याच्या घरी जाते, ओट्यावर बसते, कागद दाखवते. सदस्य भला असेल तर काम होते. भला नसेल तर तिला सांगितले जाते की अमक्या दिवशी सभा आहे, चार बायका घेऊन या. हक्काच्या पैशाचे उपकारात रूपांतर होते ते मंत्रालयात नव्हे, या ओट्यावर होते.

रेशनच्या दक्षता समित्यांचेही पाहा. अन्न सुरक्षेच्या २०१३ च्या कायद्याने राज्यापासून थेट रास्त भाव दुकानापर्यंत या समित्या सांगितल्या आहेत. अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, निराधार आणि अपंग यांना त्यांत योग्य प्रतिनिधित्व द्यावे असेही लिहिले आहे. आपल्या दुकानाची समिती कोणती, हे दुकानदाराला विचारून पाहा. त्याला ठाऊक असेल तर माझा समज चुकीचा ठरेल, आणि मला आनंद होईल.

अर्थशास्त्राचा माणूस म्हणून मला एक प्रश्न नेहमी पडत आला आहे. ज्या पदाला पगार नाही, भत्ता जवळजवळ नाही, त्यासाठी एवढी धडपड कशाला? याचे उत्तर देवघेवीच्या हिशेबात आहे. देणाऱ्याला या पदासाठी खिशातून काहीच मोजावे लागत नाही. घेणाऱ्याला मात्र पत्रावर छापायला हुद्दा मिळतो, दारावर पाटी मिळते, पोलीस चौकीत खुर्ची मिळते, आणि पुढच्या निवडणुकीत तिकिटाचा दावा मिळतो. विशेष कार्यकारी अधिकाऱ्यांच्या पाट्या आपल्या गल्लोगल्ली आहेतच. दाखल्यावर सही करण्याचा हा साधा अधिकार. तो मिळवण्यासाठी शिफारशीची पत्रे का लागावीत? देणाऱ्याला फुकट आणि घेणाऱ्याला मोलाची अशी वस्तू राजकारणात नाण्यासारखी फिरू लागते. नाणे ज्या दिवशी उजेडात मोजले जाते त्या दिवशी त्याची किंमत उतरते. म्हणूनच या नेमणुका अंधारात होतात. त्यामागे फार मोठे कारस्थान असते असे नाही. पुष्कळदा नुसती सवय असते.

मी दुसऱ्यांविषयीच बोलत राहिलो तर ते बरे दिसणार नाही. निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी एका स्थानिक सल्लागार समितीवर माझी नेमणूक झाली. समितीचे नाव सांगत नाही. त्याची आवश्यकता नाही. एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला, ‘सर, तुमचे नाव देऊन टाकले आहे, नाही म्हणू नका.’ मी नाही म्हटले नाही. माझी योग्यता ओळखली गेली असे मला वाटले, आणि निवृत्त माणसाला तसे वाटणे किती सुखाचे असते हे निवृत्त माणसालाच कळेल. तीन बैठका झाल्या. चौथ्या बैठकीनंतर बाहेर पडताना दारात एक बाई उभी होती. घरकाम करणारी, वस्तीत वीस वर्षे बचत गट चालवणारी, त्या भागातली प्रत्येक गटारी तिला ठाऊक. तिने मला विचारले, ‘सर, तुम्हाला हितं कुणी निवडलं?’ प्रश्नात राग नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते, कारण तिलाही यायचे होते आणि अर्ज कुठे मिळतो हे कोणी तिला सांगत नव्हते.

मला उत्तर देता आले नाही. मी म्हणालो, ‘सरकारने.’ ती म्हणाली, ‘सरकार म्हंजी कोन?’

पुढच्या बैठकीत मी मागणी केली की प्रत्येक सदस्याची नेमणूक कोणाच्या शिफारशीने आणि कोणत्या कारणाने झाली हे इतिवृत्तात नोंदवावे. आरंभ माझ्यापासून करावा. अध्यक्ष हसले. मुद्दा इतिवृत्तात आला नाही. मी राजीनामाही दिला नाही, हे कबूल केले पाहिजे. मुदत संपेपर्यंत बसून राहिलो, चहा घेत राहिलो. त्या बाईची जागा मी अडवून बसलो होतो, हे मला त्या वेळी पुरते उमगले नव्हते. आज उमगते.

आता आपल्यापैकी काही जण मनात म्हणत असतील की प्राध्यापक महाशय नेमणुकीच्याच विरोधात आहेत. तसे नाही. याच पुण्यात महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षे नगरपालिकेचे सदस्य होते, आणि ते निवडून आलेले नव्हते. सरकारने नेमलेले होते. व्हाईसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून त्यांच्या स्वागतावर नगरपालिकेच्या तिजोरीतून हजार रुपये खर्च करावेत असा ठराव आला, तेव्हा विरोधी मत देणारे फुले एकटे होते. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्चावा असे त्यांचे म्हणणे होते. ज्या सरकारने खुर्ची दिली त्याच सरकारच्या प्रतिनिधीच्या स्वागताला त्या खुर्चीवरून विरोध! नेमलेला माणूस स्वतंत्र असू शकतो याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही. पण मित्रहो, त्या सभागृहात बाकीचेही नेमलेलेच होते, आणि त्यांनी हात वर केले. चुकून एखादा फुले सापडेल या आशेवर व्यवस्था उभी करता येत नाही.

मग निवड कशी व्हावी? आपल्याकडे याचा विचार झालाच नव्हता असे नाही. तामिळनाडूत कांचीपुरमजवळ उत्तरमेरूर नावाचे गाव आहे. तिथल्या मंदिराच्या भिंतीवर पहिल्या परांतक चोळाच्या काळातले, म्हणजे दहाव्या शतकाच्या आरंभीचे, शिलालेख आहेत. गावाच्या समित्यांवर माणसे कशी घ्यावीत याचे नियम त्यांत दगडावर कोरले आहेत. गावाचे तीस भाग. प्रत्येक भागातून पात्र माणसांची नावे ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहावयाची, त्या मडक्यात टाकावयाच्या, आणि सर्वांसमक्ष एका लहान मुलाकडून चिठ्ठी काढवून घ्यावयाची. मुदत एक वर्षाची. आधीच्या तीन वर्षांत जो समितीवर होता तो अपात्र. आणि मला सर्वांत आवडलेला नियम हा की समितीवर राहून ज्याने हिशेब दिला नाही तो अपात्र, आणि त्याचे जवळचे नातलगही अपात्र. आपल्याकडे मुदत संपलेल्या सदस्याच्या घरी पुढची खुर्ची पत्नीच्या किंवा पुतण्याच्या नावाने येते, हे आठवले की त्या दगडावरच्या अक्षरांचे मोल कळते.

या शिलालेखाचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांतले बरेच जण एक गोष्ट सांगत नाहीत. ते गाव ब्राह्मणांना दान दिलेले होते. मडक्यात नाव पडायचे तर करपात्र जमीन हवी, स्वतःच्या जागेवर घर हवे, वेदाध्ययन हवे. स्त्री नाही, कष्टकरी नाही, शेत कसणारा नाही. मडके निःपक्षपाती होते. मडक्यात कोणाची नावे टाकावयाची हे ठरवणारे हात निःपक्षपाती नव्हते. उघडपणा आणि न्याय या दोन गोष्टी एक नाहीत. सर्वांसमक्ष, नियमानुसार, चिठ्ठी टाकूनही अन्याय होऊ शकतो.

हा मुद्दा मी मुद्दाम पुढे आणतो, कारण आपण समाजवादी आहोत आणि उद्या पारदर्शक प्रक्रियेचा आग्रह धरणारे सर्वांत मोठे आवाज कोठून येतील हे आपण ओळखले पाहिजे. ते माझ्यासारख्यांच्या घरांतून येतील. निवृत्तिवेतन आहे, मुले मार्गी लागली आहेत, दुपारी अकरा वाजता सभेला जाण्यात काही बुडत नाही, अर्ज शुद्ध भाषेत लिहिता येतो. उद्या क्षेत्रीय कार्यालयाने अर्ज मागवले तर पहिले दहा अर्ज सोसायट्यांच्या अध्यक्षांचे येतील आणि त्यांत नऊ पुरुष असतील. प्रक्रिया उघडी, निकष छापील, आणि समिती मात्र एकाच वर्गाची. विनामूल्य सेवा ज्याला परवडते त्याच्यासाठी ती विनामूल्य असते. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला अकराची सभा म्हणजे दोन घरचा खाडा. महिन्यातून दोन खाडे झाले की मालकीण दुसरी बाई बघते. तिच्या समाजसेवेची किंमत तिची नोकरी आहे. तिला समितीवर घ्यायचे आणि बुडालेली मजुरी द्यायची नाही, हे तिला न घेण्याचेच सभ्य रूप झाले.

म्हणून आपली मागणी दुहेरी असली पाहिजे, आणि मी ती थोडी विस्ताराने सांगतो.

जागा रिकामी आहे हे लोकांना कळले पाहिजे. कळणे म्हणजे वर्तमानपत्राच्या आतल्या पानात बारीक अक्षरांत छापणे नव्हे. क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर, रेशन दुकानात, मनपाच्या शाळेच्या भिंतीवर, दवाखान्यात, वस्तीतल्या समाजमंदिरात मराठीत सूचना लागली पाहिजे: अमुक समिती, अमुक काम, इतक्या जागा, इतक्या मुदतीसाठी, अमुक तारखेपर्यंत नाव द्या. अर्ज एका पानाचा असावा आणि ज्याला लिहिता येत नाही त्याचा तोंडी सांगितलेला मजकूर लिहून घेण्याची सोय असावी. आलेली सर्व नावे, संस्थेतले त्यांचे काम किती वर्षांचे याच्या तपशिलासह, निवडीपूर्वी लावली जावीत आणि हरकतींना आठवडाभर मुभा असावी. एखाद्याची संस्था नुसती कागदावर असेल तर तो आठवडा पुरेसा आहे. गल्लीला सगळे ठाऊक असते. निवडीनंतर कारण लिहावे. दोन ओळी पुरेत. ज्याला दोन ओळींत कारण लिहिता येत नाही त्याने निवड कशाच्या आधारे केली हे मग सांगावेच लागत नाही.

आणि पात्र माणसे जागांहून अधिक निघाली तर? तर सोडत काढावी. हे ऐकून काही जण हसतील. परंतु म्हाडाच्या घरांची सोडत आपल्याला मान्य आहे. शिक्षण हक्काच्या पंचवीस टक्के जागांवरचे प्रवेश सोडतीने होतात. महापालिकेच्या प्रभागांचे आरक्षण ठरते तेव्हा शाळेतली मुले व्यासपीठावर येऊन चिठ्ठी काढतात. हजार वर्षांपूर्वीच्या त्या मडक्याचीच ही पद्धत. नगरसेवकाचे सबंध राजकीय भवितव्य ज्या चिठ्ठीवर ठरते ती चिठ्ठी प्रभाग समितीच्या तीन जागांसाठी हास्यास्पद कशी? अट एवढीच की मडक्यात नावे टाकताना वर्गाचा, स्त्रियांचा, वस्तीचा वाटा आधी राखून ठेवला पाहिजे. तीन जागांपैकी किमान एक वस्तीतल्या स्त्रीची, असा ठराव नगरसेवकांनी आपण होऊन केला तर त्यांना कोण अडवणार आहे? सभा सायंकाळी घ्यावी आणि रोजंदारी बुडणाऱ्या सदस्याला तिची भरपाई मिळावी, ही त्याच ठरावाची दुसरी बाजू.

या मार्गाची एक पायरी आपल्या कायद्याने चढून दाखवली आहे. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे म्हटले आहे. वंचित आणि दुर्बळ घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा आहेत. कायदा चांगला आहे. अंमलाविषयी एवढेच सांगतो की पालकसभेच्या नोंदवहीवर सभेपूर्वीच सह्या घेतल्या गेल्याचे मी एका शाळेत पाहिले आहे. तिथे बायका होत्या, वस्तीतल्या होत्या, संख्या बरोबर होती. फक्त त्यांना आपण समितीवर आहोत हे ठाऊक नव्हते. कायद्याने जागा राखता येते. त्या जागेवर बसलेल्या बाईला ती कोठे बसली आहे हे सांगण्याचे काम कायदा करीत नाही. ते कार्यकर्त्याला करावे लागते.

दोन आक्षेपांना उत्तर देतो. पहिला आक्षेप असा की नगरसेवक लोकांनी निवडून दिलेले आहेत, त्यांनी योग्य वाटेल त्याला नेमावे, हीच लोकशाही. या म्हणण्यात तथ्य आहे. नेमण्याचा अधिकार त्यांचाच आहे. तो काढून घ्या असे मी म्हणत नाही. परंतु तिजोरीतला पैसा खर्च करण्याचाही अधिकार त्यांचाच असतो, म्हणून कोणी निविदा मागवू नयेत आणि हिशेब देऊ नये असे म्हणत नाही. निर्णयाचा अधिकार आणि निर्णय झाकण्याचा अधिकार यांत अंतर आहे. शिवाय मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर या शहरात कित्येक वर्षे निवडून आलेले सभागृहच नव्हते; सारा कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात प्रभागाच्या प्रश्नांवर अधिकाराने बोलणारी चार नागरिक मंडळी प्रत्येक भागात उभी असती, तर लोकांना एवढे पोरके वाटले नसते. समित्या नगरसेवकांच्या मेहेरबानीवर उभ्या होत्या; नगरसेवक गेले तशा त्याही गेल्या. २००९ साली विधिमंडळाने क्षेत्रसभांची तरतूद केली, तीही कागदावरच राहिली. मतदारांच्या लहान लहान सभा भरल्या असत्या तर तीन माणसे कोठून शोधावीत हा प्रश्नच पडला नसता. डॉ. लोहियांनी चौखंभा राज्याची मांडणी केली तेव्हा खालच्या खांबाला वरून टेकू द्यावा असे त्यांनी म्हटले नव्हते.

दुसरा आक्षेप आपल्याच कार्यकर्त्यांचा आहे, आणि तो मला अधिक छळतो. ‘सर, बाकीचे सगळे आपापली माणसे बसवतात. आपण तेवढे नियम पाळत बसलो तर आपल्या कार्यकर्त्याला कधीच काही मिळणार नाही.’ मी या म्हणण्याची थट्टा करणार नाही. वीस वर्षे सतरंज्या घालणाऱ्या, मोर्चात पुढे असणाऱ्या माणसाला एक खुर्ची मिळावी असे वाटणे हा गुन्हा नव्हे. पक्षाचा सभासद असणे ही अपात्रताही नव्हे. पक्षात काम करणारा माणूस समाजात काम करीत नाही असे मानणे हा मध्यमवर्गीय सोवळेपणा आहे. माझे म्हणणे इतकेच की त्याने अर्जावर लिहावे: मी अमुक पक्षाचा सभासद आहे, माझ्या भावाचे महापालिकेत कंत्राट आहे किंवा नाही, आणि मी या भागात हे हे काम केले आहे. मग दहा नावांत त्याचे नाव लागू द्या, हरकती येऊ द्या. त्याचे काम खरे असेल तर त्याला भीती कशाची? आणि त्याचे काम खरे नसेल तर आपण त्याला खुर्ची मिळवून देऊन नेमके काय मिळवणार आहोत? एवढे मात्र खरे की असे केल्याने एक-दोन जागा आपल्या हातून जातील. मी ते लपवत नाही. जातील.

ब्रिटनमध्ये १९९४ साली सार्वजनिक जीवनातल्या वर्तनाविषयी नोलन समिती नेमली गेली आणि १९९५ साली तिचा पहिला अहवाल आला. सार्वजनिक मंडळांवरच्या नेमणुकांवर देखरेख ठेवणारा आयुक्त त्यानंतर तिथे आला. तिथेही मंडळांवर सत्ताधाऱ्यांचे स्नेही भरले जातात अशी ओरड होती. गुणवत्तेवर निवड, आणि निवडीची वाट सर्वांना दिसणारी, एवढाच त्यांच्या सांगण्याचा गाभा. आपल्याला आयुक्ताची वाट पाहण्याची गरज नाही, कारण आपल्या हातात एक हत्यार आधीच आहे.

माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचे चौथे कलम पाहा. कोणी अर्ज करण्यापूर्वीच सार्वजनिक कार्यालयांनी स्वतः होऊन जी माहिती प्रसिद्ध करावयाची तिची त्यात यादी आहे. त्या यादीत असे आहे की दोन वा अधिक व्यक्तींची जी मंडळे, परिषदा, समित्या त्या कार्यालयाचा भाग म्हणून किंवा सल्ल्यासाठी नेमल्या असतील त्यांचे विवरण द्यावे; आणि त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत काय, त्यांची इतिवृत्ते लोकांना पाहता येतात काय, हेही सांगावे. अर्ज करावा न लागता! याच महाराष्ट्रातून, उपोषणे आणि मोर्चे यांतून हा कायदा पुढे गेला. कंत्राटांच्या फायली काढायला आपण शिकलो. समित्यांच्या याद्या मागायला शिकलो नाही. फायलीत पैसा दिसतो, म्हणून आपण फायलीमागे धावलो. खुर्चीवर कोण बसला आहे हे पाहिले असते तर कदाचित फाइल उघडण्याची वेळ थोडी कमी वेळा आली असती.

तेव्हा आजच्या बैठकीपुढे माझा प्रस्ताव लहान आहे. विश्रांतवाडी, कळस, धानोरी आणि येरवडा या भागांशी संबंधित जेवढ्या समित्या आहेत, म्हणजे प्रभाग समिती, निराधार योजनेची समिती, रेशनच्या दक्षता समित्या, मनपा शाळांच्या व्यवस्थापन समित्या, त्यांची यादी आपण मागवावी: सदस्य कोण, केव्हा नेमले, कोणाच्या शिफारशीने, मुदत केव्हा संपते, वर्षात बैठका किती झाल्या, कोण किती वेळा हजर होते. ती यादी आली की मोठ्या अक्षरांत लिहून चौकात लावावी. टीकेचा एक शब्दही तिच्यावर लिहू नये. आणि प्रभाग समितीच्या तीन जागांसाठी आपल्या नगरसेवकांकडे कोणतेही नाव पक्षाच्या वतीने खाजगीत देऊ नये; दिले तर जाहीर सभेत द्यावे, कारणासह. हा दुसरा भाग पहिल्याहून कठीण आहे, म्हणून त्यावर आज मतदान घ्यावे असे मी अध्यक्षांना विनवतो. माझ्याविरुद्ध मते पडली तरी चालतील, मोजली जावीत.

माहिती अधिकाराच्या अर्जाचे मसुदे मी लिहून आणले आहेत, महापालिकेसाठी एक आणि तहसील कचेरीसाठी एक. प्रत्येकाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, तोही चिकटवला आहे. अर्जदार म्हणून तूर्त माझे नाव घातले आहे. पण इथे मागच्या रांगेत वस्तीतल्या चार भगिनी बसल्या आहेत. त्यांच्यापैकी कोणी आपले नाव देणार असतील तर माझे नाव खोडून त्यांचे घालू. पेन माझ्याकडे आहे.